रातकिड्यांचं ब्रीडिंग किट : सगळं ठीक, झाकण सोडून

आमच्या बिअर्डेड ड्रॅगनला, म्हणजे पाळलेल्या सरड्याला, खाऊ म्हणून रातकिडे घरीच वाढवायला हे किट घेतलं. बॉक्समध्ये काय काय येतं ते लिस्टिंगवर आहेच, मी झाकणावर बोलणार. जाळी दिलीय नायलॉनची! रातकिडे नायलॉन कुरतडतात हे पाळणाऱ्या पोराटोरांना माहितीय, विकणाऱ्याला नाही? उन्हाळ्यात एका कोपऱ्याला भोक पडलं आणि रात्री फ्रिजमागून किरकिर सुरू, सासूबाई देवघरात शोधतायत, खालच्या काकू वॉचमनला विचारतायत. कस्टमर केअरला फोटो पाठवला तर म्हणे 'सर, तुम्ही किडे उपाशी ठेवले असतील.' अहो, कोंडा, गाजर, माशांचं खाणं सगळं घालतो, प्रोटीन कमी पडलं की एकमेकांना खातात म्हणून मुद्दाम! बदलून पाठवलं ते झाकणही नायलॉनचंच.

शेवटी स्टेशनजवळून स्टीलची बारीक जाळी आणली, एमसीलने बसवली, खर्च दोन मिसळींएवढा. इथपर्यंत एक स्टार देणार होतो, पण त्यानंतर किट खरंच चाललंय. तीसेक डिग्रीला दहा-तेरा दिवसांत अंडी फुटतात आणि सहा-आठ आठवड्यांत पिल्लं मोठी, दुकानातून डबी आणणं बंदच झालं. घोडबंदरच्या उकाड्यात किटमधली हीट मॅट, म्हणजे बॉक्स गरम ठेवायची चटई, लावायची वेळच आली नाही, तिचे पैसे मात्र किमतीत धरलेत.

पावसाळ्यात अमोनियाचा वास सुटला होता. किडे अंडी घालतात तो कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) डबा तेवढा ओला ठेवायचा, बाकी बॉक्स कोरडा, आणि पाणी वाटीत नाही तर ओल्या कापसात, वाटीत पिल्लं बुडून मरतात. स्टीलच्या जाळीतून हवा खेळती राहते तेही बरंय. आवाजाचं म्हणाल तर गातात फक्त मोठे नर, मागे सुईसारखी नळी असते ती मादी, म्हणून आमच्या बिअर्डेड ड्रॅगनच्या ताटात आधी नर जातात, वर कॅल्शियम पावडर भुरभुरवून, कारण किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. जोड्या लागण्यापुरते दोन-चार ठेवतो, आता काकू गप्प आहेत.

तोवर आमचे ड्रॅगनसाहेबही मोठे झाले. लहानपणी किड्यांवर तुटून पडायचे, आता भोपळा नि पालेभाजीच जास्त, त्यामुळे उरलेले किडे कळव्याच्या मित्राच्या ऑस्कर माशांना जातात.

तीन स्टार, दोन झाकणाचे कापले. हीट मॅट सीलबंद आहे, अर्ध्या किमतीत हवी असेल तर घरी येऊन घेऊन जा, कुरियर करणार नाही.