ड्रायर लावला की आख्ख्या घराची लाईन जायची, मनीषनगरच्या इलेक्ट्रिशियन भाऊंनी बरोबर पकडलं (४.५/५)

नागपुरात ज्यांच्याकडे कपड्यांचा ड्रायर आहे आणि तो लावला की लाईन जाते त्यांनी हे नक्की वाचा, आम्ही या पावसाळ्यात पार वैतागून गेलो होतो. आमचा साधा व्हेंटवाला ड्रायर (गरम दमट हवा पाईपमधून बाहेर सोडतो तो), वॉरंटी संपलेली. चालू केला की मस्त चालायचा आणि कपडे चांगले तापायला लागले की खट्कन सगळं बंद, फ्रिज फॅन वायफाय सगळंच. डीबी म्हणजे मेन स्विचचा बॉक्स उघडून पाहिलं तर एमसीबी (ओव्हरलोड झाला की पडणारे स्विच) सगळे वर, पडलेला असायचा तो आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की सगळी लाईन तोडणारा स्विच.

आधी सर्व्हिस सेंटरचा माणूस आला, थंड मशीन दोन मिनिटं फिरवली आणि म्हणे मशीन ओके आहे, तुमच्या वायरिंगमध्ये लीकेज आहे. मग एक वायरमन आला तो म्हणे वायरिंग ओके आहे, मशीन गेली, आणि वरून सल्ला काय तर आरसीसीबी काढून लाईन डायरेक्ट करून देतो, कटकटच नको. घरात लहान पोरगी ओल्या हातानं कुठंही हात लावते, मला ऐकूनच धडकी भरली.

शेवटी शेजारच्या काकूंनी या भाऊंचा नंबर दिला. आल्या आल्या पहिला प्रश्न, "ताई, लावल्याबरोबर जाते का गरम झाल्यावर?" इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मग मशीन हीट बंद ठेवून नुसती हवेवर चालवली, बराच वेळ झाला तरी काहीच नाही, म्हणजे मोटर आणि कॉर्ड बाजूला झाली. हीट चालू करून क्लॅम्प मीटर लावला, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर, अकरा अँपिअरच्या आसपास. २५०० वॅटची मशीन २३० व्होल्टवर तेवढं घेणारच आणि आमचा एमसीबी १६ चा आहे, म्हणजे ओव्हरलोडही नाही. थोड्या वेळानं नेहमीसारखी लाईन गेली, तर यांनी लगेच प्लग काढला, मागचं कव्हर खोललं, हीटरच्या वायरी सोडवल्या आणि मशीन गरम असतानाच मेगर (करंट कुठे लीक होतो का ते तपासायचं मीटर) लावला, एक टोक हीटरला आणि एक बॉडीला. काटा सरळ शून्यावर, म्हणजे हीटर बॉडीला लागलेला. मग म्हणाले आता थंड होऊ द्या, आणि थंड झाल्यावर परत लावला तर रीडिंग एकदम चांगलं!

हीटर बाहेर काढून मला दाखवला. आत उघडी कॉइल असते ती पांढऱ्या चिनी मातीच्या बटणांवर टेकलेली असते, त्यातलं एक बटण फुटलेलं, तापली की कॉइल तिथं लोंबायची आणि पत्र्याला लागायची, पत्र्यावर तेवढ्याच जागी काळा डाग पडला होता. थंड झाली की परत वर, म्हणून पहिल्या माणसाला काही सापडलंच नाही. आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा आहे, करंट अर्थिंगमध्ये जायला लागला की लगेच पडतो, एमसीबीला तेवढं कळत नाही. भाऊ म्हणाले, "तुमची अर्थिंग चांगली आहे म्हणून तो वेळेवर पडून राहिला, अर्थिंग नसती तर कोणी बॉडीला हात लावल्यावरच कळलं असतं. तो काढायचा विचारसुद्धा करू नका." जाताना आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून दाखवलं आणि महिन्यातून एकदा दाबत जा म्हणून सांगितलं. पाईपमध्ये अडकलेला कपड्यांचा भुसाही साफ करून दिला, ते तर मी सांगितलंही नव्हतं.

हीटर सीताबर्डीत मिळाला नाही, बाहेरून मागवावा लागला, तोवर घरभर दोऱ्या बांधून कपडे वाळवले आणि सगळीकडे कुबट वास. पण नवीन बसवल्यानंतर पण गरम करून परत मेगर लावला आणि रीडिंग दाखवूनच पैसे घेतले. व्हिजिटचे ३०० आणि हीटरचे त्यांना पडले तेवढेच, बॉक्सवरची किंमत मी स्वतः पाहिली.

अर्धा स्टार कापला तो बिलासाठी, कागदावर हातानं लिहून देतात, पक्कं बिल पाहिजे असेल तर आधीच बोलून घ्या. आणि पावसाळ्यात दुपारी फोन उचलत नाहीत, सकाळी दहाच्या आत केला तर त्याच दिवशी येतात.