प्रयोगासाठी कोणतं द्रावण: मीठ, सोडा की मोरचूद?

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की पालक विचारतात, वीज वाहून नेईल, पेट घेणार नाही आणि मुलांच्या हाती बिनधास्त देता येईल असं द्रव कोणतं? यातली पेट घेण्याची काळजी सोडून द्या. पाण्यात विरघळवलेलं मीठ किंवा सोडा जळत नाही. वीज वाहिल्यावर त्यातून बाहेर काय पडतं, यावर निवड करा.

नुसता एलईडी पेटवून दाखवायचा असेल तर मीठ उत्तम. स्वस्त, आणि वीज छान वाहते. ९ व्होल्टची बॅटरी वापरत असाल तर एलईडीसोबत ४७० ओहमचा रोध (रेझिस्टर) जोडा. पण बुडबुड्यांचा प्रयोग, म्हणजे द्रावणात वीज सोडून वायू काढून दाखवणं, मिठावर करू नका. धन टोकाशी (बॅटरीच्या + बाजूला जोडलेल्या) क्लोरीन तयार होतो, तोच तो पोहण्याच्या तलावासारखा वास. बंद वर्गात तो मुलांच्या नाकातोंडात जातो.

बुडबुड्यांसाठी मी खाण्याचा सोडाच देते. वीज मिठापेक्षा कमी वाहते, पण क्लोरीन नाही. धुण्याच्या सोड्यातून वीज जास्त वाहते, मात्र तो डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो, चष्मा हवाच. आणि एक गोष्ट विसरू नका: द्रावण जळत नसलं तरी ऋण टोकाशी निघणारा हायड्रोजन जळतो. हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला की ठिणगी पुरे. बरणीला झाकण नको, जवळ काडेपेटी नको. टोकं पेन्सिलीच्या शिशाची घ्या. स्टीलचे चमचे घेतले तर क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरू शकतात.

व्हिनेगर आणि लिंबू निर्धोक, पण वीज जेमतेम वाहते. व्हिनेगरमधल्या आम्लाच्या शंभर रेणूंतला एकही धड वीज वाहणाऱ्या कणांत (आयनांत) विलग होत नाही.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, वेगळाच. द्राक्षबागाईतदार बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणात चुन्याबरोबर वापरतात तोच. दोन्ही टोकं तांब्याची ठेवली की गॅस जवळपास निघतच नाही. एका पट्टीवरचं तांबं दुसरीवर चढतं, आणि निळा रंग टिकून राहतो. लोखंडी खिळा मात्र बुडवू नका. त्यावर बॅटरीशिवायच तांबडा थर बसतो आणि बोटानं पुसला जातो, मग मुलांना वाटतं विजेनं मुलामा झाला. मोरचूद पोटात गेला तर विषारी, म्हणून नववीच्या खाली नको, हातमोजे हवेत, शिक्षक शेजारी हवेत. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, माशांना ते घातक असतं. बाटलीत भरून, चिठ्ठी लावून शाळेच्या प्रयोगशाळेत परत द्या.