स्पॅरो वॉलेट : बिटकॉइनची फी आटोक्यात ठेवायची असेल तर

बिटकॉइन पाठवताना फी रकमेवर लागत नाही, व्यवहाराच्या आकारावर लागते. हजाराचे पाठवा नाहीतर दहा लाखांचे, हिशोब एकच : किती व्हर्च्युअल बाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) गुणिले दर बाइटमागचा भाव. म्हणून 'सर्वांत कमी फी' अशा जाहिरातीला भुलू नका, हे दोन्ही आकडे तुमच्या हातात देणारं वॉलेट घ्या. स्पॅरो त्यातलं आहे. मोफत, ओपन सोर्स, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारं. मोबाइलवर मात्र मिळत नाही.

वॉलेट उघडताना 'स्क्रिप्ट टाइप'मध्ये नेटिव्ह सेगविट (कमी जागा घेणारा नवा पत्त्याचा प्रकार) ठेवा. १ ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावरचं एक इनपुट (व्यवहारात खर्ची पडणारी आधी मिळालेली एक रक्कम) साधारण १४८ व्हर्च्युअल बाइट खातं, सेगविटचं ६८. निम्म्याहून जास्त बचत इथेच होते.

खरी गंमत 'यूटीएक्सओ' (अजून न खर्चलेल्या रकमा) टॅबमध्ये. दर आठवड्याला थोडे थोडे बिटकॉइन घेतले की वॉलेटमध्ये सुट्या नाण्यांसारखे तुकडे साठतात आणि पाठवताना प्रत्येक तुकड्याची वेगळी फी पडते. दहा तुकडे एकत्र करायला सुमारे ७२२ व्हर्च्युअल बाइट लागतात. दर बाइटमागे २ सॅटोशी (बिटकॉइनचं सर्वांत लहान एकक) असताना हे १,४४४ सॅटोशीत उरकतं, ५० असताना ३६,१००! तेव्हा नेटवर्कवरची व्यवहारांची गर्दी ओसरली की तुकडे निवडा, 'सेंड सिलेक्टेड' दाबा, आपलाच नवा पत्ता टाका, रकमेपुढे 'मॅक्स' करा. फीच्या पट्टीजवळ गर्दीचा आलेख दिसतो, तो बघूनच दर ठरवा. एक सावधगिरी : एकत्र केलेले तुकडे एकाच माणसाचे आहेत हे ब्लॉकचेनवर, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या नोंदवहीत, कायमचं उघड होतं. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले मिसळू नका.

दर फार कमी लावला तर व्यवहार अडकतो. घाबरायचं कारण नाही. त्यावर राइट क्लिक करून 'इन्क्रीज फी' निवडा आणि जास्त दराने पुन्हा पाठवा. ही सोय असल्यामुळेच सुरुवातीला कमी दर लावून बघायला हरकत नसते. पाच जणांना द्यायचे असतील तर 'सेंड टू मेनी' वापरा : पाच वेगळे व्यवहार सुमारे ७०५ व्हर्च्युअल बाइटचे, एकत्र केले तर २६५.

एक्स्चेंजची (बिटकॉइन विकत घेतो त्या कंपनीची) पैसे काढण्याची फी मात्र कुठलंच वॉलेट कमी करू शकत नाही. ती बहुधा ठरावीक असते, म्हणून तिथून दर आठवड्याला न काढता मोठी रक्कम एकदाच काढा. तुकडेही कमी साठतात.