दारूचं पाप कोणाच्या माथी? चर्चच्या हॉलमधल्या सत्राबद्दल

नागपुरातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये दारूच्या व्यसनावर कुटुंबीयांसाठी सत्र झालं. मोफत, मराठीतून, आणि ख्रिस्ती नसलेल्यांनाही या म्हणाले होते. घरात पिणारं माणूस असेल तर पुढच्या वेळी जरूर जा, पण औषधोपचाराची माहिती मिळेल या आशेनं जाऊ नका.

माझा धाकटा भाऊ पितो. संत्रा देशी दारूच्या पव्व्यापासून सुरू झालं, आता हिशेबच नाही. "मी आजारी आहे ना ताई, माझा काय दोष?" हे त्याचं ठरलेलं. आईचं "पापी आहे मेला" हेही ठरलेलं. यातलं खरं कोणतं, एवढंच मला ऐकायचं होतं.

फादरांनी नेमका तिथेच हात घातला. पिणं हेच पाप, असं चर्च म्हणत नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, द्राक्षारस (वाइन) लागतोच. पाप अतिरेकाचं. ते गंभीर ठरायला मात्र तीन गोष्टी हव्यात: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि स्वतःच्या इच्छेनं दिलेली संमती हवी. सकाळी उठल्या उठल्या ज्याचे हात थरथरतात, त्याची संमती कितपत मोकळी? कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक शिकवणीचं अधिकृत पुस्तक, त्याच्या १७३५ व्या परिच्छेदात म्हटलंय की सवय, भीती, दडपण यांनी दोष कमी होतो, कधी उरतही नाही.

झालं, म्हटलं, माकडाच्या हाती कोलीत! पण फादर थांबले नव्हते. बाटली समोर आल्यावर हात आवरत नसेल, मान्य. शुद्धीत असताना दवाखान्यात जायचं का, पगार बायकोच्या हातात द्यायचा का, हे तर त्याला ठरवता येतं? त्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल. आणि पिऊन गाडी चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा गंभीर दोषच, ते त्याच पुस्तकाच्या २२९० व्या परिच्छेदात सरळ लिहिलंय.

मॅट टॅल्बटची गोष्ट मला सगळ्यात आवडली. डब्लिनचा मजूर. १८८४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं दारू सोडायची शपथ घेतली, तीही आधी तीनच महिन्यांची. पुढे १९२५ मध्ये मरेपर्यंत प्याला नाही. दारूपायी त्यानं एका वादकाचं फिडल (व्हायोलिन) चोरलं होतं. दारू सुटल्यावर तो त्या माणसाला शोधत फिरला, उधाऱ्या फेडल्या. "आजारी होतो" म्हणून चोरी माफ करून घेतली नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये त्याला 'वंदनीय' घोषित केलं, ही संतपदाच्या वाटेवरची एक पायरी.

एका काकांनी विचारलं, फादरलाच व्यसन असलं तर मिस्सेतल्या वाइनचं काय? त्यावरही उत्तर होतं: बिशपांच्या परवानगीनं मस्ट, म्हणजे आंबणं थांबवलेला द्राक्षांचा रस, चालतो.

आता तक्रारी. कूलरच्या घरघरीत मागच्या रांगांना निम्मं ऐकू आलं नाही. एक वक्ते बायकांना नुसता धीर धरायला सांगत सुटले. शेवटी एक बाई उठून म्हणाली, "नवरा मारते, मग काहून धीर धरू?" तेव्हा कुठे फादरांनी सांगितलं, जीवाला धोका असेल तर वेगळं राहायची मुभा चर्चच्या कायद्यातच आहे, कलम (कॅनन) ११५३. हे पहिल्या दहा मिनिटांत सांगायला हवं होतं ना बाप्पा!

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे डॉक्टर नव्हता. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दारू सोडायची शपथ घ्या, असं आवाहन झालं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. शपथेआधी डॉक्टरकडे जा, हे कोणीच बोललं नाही.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वेळी आईला घेऊन जाणार आहे, पुढच्या रांगेत.