जखमी जवानाचा धंदा आणि सरकारी काम: गोव्यात कुठल्या दाराने जावं?

माझा आतेभाऊ ईएमईमध्ये होता, म्हणजे सैन्याच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त ठेवणाऱ्या शाखेत. हवालदार असताना सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पेडण्याला घरी परतल्यावर वर्षभराने तो माझ्याकडे आला, कारण लोकांचे जीएसटीचे आणि निविदांचे कागद भरणं हेच माझं काम. मोबाईलवर त्याने अमेरिकेची माहिती उघडून ठेवली होती. सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या लघुउद्योगांना तिथल्या केंद्रीय कंत्राटांच्या रकमेतला ५ टक्के वाटा मिळावा असं उद्दिष्ट आहे. पूर्वी ते ३ टक्के होतं, डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने वाढलं. काही निविदा तर फक्त अशाच उद्योगांसाठी निघतात. "ताई, आपल्याकडे हे कुठे भरायचं?" त्याने विचारलं.

आपल्याकडे हे नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला मी हे आधी सांगते, म्हणजे पुढचे सहा महिने फुकट जात नाहीत. केंद्र सरकारच्या खरेदीत सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी २०१२ पासून एक आदेश लागू आहे. त्यानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतली २५ टक्के अशा उद्योगांकडून करायची. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. माजी सैनिक किंवा दिव्यांग म्हणून वेगळा वाटा त्यात नाही. हे मला मनापासून खटकतं. पण जे आहे त्यातूनच रस्ता काढायचा, तर त्याच्यासमोर चार दारं होती.

सुरक्षा एजन्सी

माजी सैनिक म्हटला की सगळ्यांच्या तोंडी पहिलं हेच येतं. दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय, आपण ज्याला डीजीआर म्हणतो, माजी सैनिकांच्या सुरक्षा एजन्सींची यादी ठेवतं आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना त्यातली नावं सुचवतं. याचा मोठा फायदा असा की दर पाडण्याची शर्यत नाही. गार्डाचा पगार ठरलेला आणि त्यावर १४ टक्के सेवा शुल्क. उघड्या बाजारात मनुष्यबळाच्या निविदेत सगळे तळाचाच दर टाकतात आणि दर सारखे झाल्याने शेवटी संगणक कुणाला तरी निवडतो, त्यापेक्षा हे कितीतरी सन्मानाचं.

अटी मात्र कडक आहेत. ९० टक्के गार्ड माजी सैनिकच हवेत. गोव्यात माजी सैनिक मुळात थोडे, त्यामुळे सावंतवाडी, चंदगड, बेळगावकडची माणसं आणावी लागतात आणि त्यांच्या राहण्याची सोय बघावी लागते. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना, ज्याला सगळे 'पसारा लायसन्स' म्हणतात, तो वेगळा घ्यायचा. नाव यादीत घालण्याच्या अटी हुद्द्याप्रमाणे बदलतात, म्हणून अर्जाआधी डीजीआरच्या ताज्या सूचना वाचाव्यातच.

आता पैशाचं बघू. समजा १५ गार्ड आहेत आणि पगार, पीएफ, ईएसआय धरून माणशी २५,००० रुपये लागतात. म्हणजे महिन्याला ३,७५,००० रुपये. बिल दोन महिन्यांनी सुटलं तर साडेसात लाख तुमच्या खिशातून गेलेले असतात, आणि गार्डाचा पगार एक दिवसही थांबवून चालत नाही. हाती येतात ते महिन्याला ५२,५००, तेही ऑफिस, गणवेश आणि फिरतीचा खर्च वजा होण्याआधी. फिरती रात्रीची असते. कृत्रिम पाय दिवसभर घातल्यावर संध्याकाळी सांध्यापाशी कातडी सोलवटते, हे मी आतेभावाच्या घरी पाहिलं आहे. तो पाय काढून भिंतीला टेकवतो आणि खोबरेल लावत बसतो. रात्री दोन वाजता वास्कोला जाऊन गार्ड जागा आहे का हे पाहणं त्याच्याच्याने रोज झालं नसतं.

राज्य सरकारच्या कार्यालयांत हे काम मिळेल असं धरून चालू नका. तिथे अनेक ठिकाणी गोवा मानव संसाधन विकास महामंडळाचे गार्ड असतात. त्यामुळे उरतात ती केंद्राची ठिकाणं. ज्याच्याकडे दहा-बारा लाखांचं खेळतं भांडवल आणि विश्वासू पर्यवेक्षक आहे, त्यानेच या दाराने जावं.

हातातलं कसब, उद्यम नोंदणी आणि जेम

आतेभावाला मी हे दार सुचवलं. तो एसी आणि जनरेटर डोळे मिटून उघडू शकतो. सैन्याने शिकवलेलं हे कसब ही त्याची खरी पुंजी. जेम म्हणजे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल, आणि उद्यम म्हणजे लघुउद्योगांच्या नोंदणीचं. उद्यम पोर्टलवर आधार क्रमांकाने नोंदणी मोफत होते. एजंटाला हजार-दोन हजार देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, म्हणजे आपल्यासारखे सगळेच त्यात बसतात.

नोंदणीने नेमकं काय मिळतं? निविदेसोबतची बयाणा रक्कम माफ होते आणि निविदेचे कागद फुकट मिळतात. काम मिळाल्यावर भरायची सुरक्षा ठेव मात्र माफ नाही. ती बहुधा ३ ते ५ टक्के असते, तेवढी बाजूला ठेवावीच लागते. शिवाय दराचं संरक्षण आहे. मोठ्या कंपनीने सर्वात कमी, समजा १,००,००० रुपये दर दिला आणि तुमचा १,१५,००० च्या आत असला, तर तुम्ही तिच्या दराला उतरायला तयार झाल्यास काम तुमच्याकडे येतं. वाटून देता येणारं असेल तर किमान २५ टक्के, नसेल तर सगळं. पण कमी दर टाकणाराही लघुउद्योग असेल तर हे संरक्षण लागू पडत नाही, आणि गोव्यातल्या छोट्या सेवा-निविदांत बहुतेक वेळा समोर आपल्याच आकाराची माणसं असतात. म्हणून मला बयाणा माफी हाच रोजच्या उपयोगाचा लाभ वाटतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हे लाभ स्वतः माल बनवणाऱ्याला किंवा स्वतः सेवा देणाऱ्याला आहेत, व्यापाऱ्याला नाहीत. बेळगावहून खुर्च्या आणून कार्यालयांना विकायच्या म्हटलं तर उद्यम प्रमाणपत्र असूनही खरेदीतलं प्राधान्य मिळत नाही. तेच तुम्ही स्टीलच्या खुर्च्या, कपाटं किंवा कागदी पाकिटं स्वतः बनवत असाल तर चित्र पालटतं. केंद्राने फक्त सूक्ष्म-लघुउद्योगांकडूनच घ्यायच्या ३५८ वस्तू ठरवल्या आहेत आणि या तिन्ही त्यात आहेत.

गोव्यात गिऱ्हाईक कोण, असं आतेभावाने विचारलं. मी कागदावर नावं लिहीत गेले. वास्कोचं गोवा शिपयार्ड, मुरगाव बंदर, दाभोळीचा नौदल तळ आणि विमानतळ, दोना पावलची समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, जुन्या गोव्याची कृषी संशोधन संस्था, पोस्ट, बीएसएनएल, केंद्रीय विद्यालयं. एवढ्याशा राज्यात केंद्राचे इतके खरेदीदार तासा-दीड तासाच्या अंतरावर असणं हे आपलं भाग्य आहे. मोपा घराजवळ म्हणून त्याला आधी तेच सुचलं होतं, पण तो विमानतळ खासगी कंपनी चालवते. सरकारी खरेदीचे नियम तिथे लागू नाहीत. काम मागायला हरकत नाही, ते साध्या धंद्यासारखं मागायचं.

पहिलं काम मिळालं ते एका केंद्रीय संस्थेचं, २२ एसींच्या वर्षभराच्या देखभालीचं. दर त्याने सैन्यात असतानाच्या, पठाणकोटच्या हिशेबाने टाकला आणि तिथेच चुकला. समुद्रापासून दोनशे मीटरवरच्या इमारतीत खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटची कॉइल हिरवी पडते. इतर ठिकाणी वर्षातून दोनदा धुतली तर भागतं, इथे चारदा धुवावी लागली. दोन कॉइल बदलाव्या लागल्या त्या पदरच्या पैशाने, कारण करार सुट्या भागांसकट होता. त्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. हाताखालची दोन्ही पोरं पाच दिवस गावी, आणि करारात तक्रार २४ तासांत सोडवायची अट. दंड कापला गेला. अट त्याने वाचली होती, पण कॅलेंडरशेजारी ठेवून वाचली नव्हती. वर्षअखेरीस फायदा जवळजवळ शून्य, पण काम पूर्ण केल्याचा दाखला हातात आला, आणि पुढच्या निविदेत अनुभव म्हणून तोच लागतो.

पैसे अडकले तर लघुउद्योगाला कायद्याचा आधार आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. मी मात्र पहिल्याच वर्षी तक्रार करा असं सांगत नाही. आधी लेखा विभागात जाऊन बिल कुठल्या टेबलावर आहे ते बघा. दहातल्या आठ वेळा एखादी सही किंवा काम झाल्याचा शेरा राहिलेला असतो.

साबांखाची कामं

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठेकेदारीकडे पोरांचा ओढा असतो, कारण गावात पैसा दिसतो तो तिथेच. जखमी जवानाने नव्याने यात उतरावं असं मला वाटत नाही. केंद्राचा २०१२ चा आदेश राज्याच्या खात्यांना लागू नाही, आणि बांधकामाच्या कंत्राटांना तर केंद्रातही लागू नाही. म्हणजे माजी सैनिक म्हणून नाही आणि लघुउद्योग म्हणूनही नाही. वर ठेकेदार म्हणून वर्गवार नोंदणी, ऐपतीचा दाखला, अनामत आणि पावसाळ्याचे चार महिने काम बंद. घरात आधीपासून ठेकेदारी असेल तर गोष्ट वेगळी.

पंप, गॅस एजन्सी आणि डीजीआरच्या बाकीच्या योजना

तेल कंपन्यांच्या वितरणात संरक्षण दलांच्या लोकांसाठी आरक्षण आहे, आणि सेवेमुळे अपंगत्व आलेल्या जवानाला डीजीआरचं पात्रता प्रमाणपत्र मिळू शकतं. या चार दारांत ही एकच जागा अशी की तिथे तुमची जखम थेट मोजली जाते. पण जाहिरात तुमच्या भागात निघायला हवी, जागा हवी, मोठं भांडवल हवं आणि सोडतीत नाव यायला हवं. अर्ज जरूर करा, पण त्या आशेवर बसून राहू नका. कोळसा वाहतुकीच्या योजना खाणींच्या राज्यांत आहेत आणि दुधाचे बूथ दिल्लीकडे. गोव्यात राहायचं ठरवलं असेल तर त्या यादीतून वगळा.

नाव मागायला येणारे

आतेभावाची बातमी गावात पसरल्यावर एक गृहस्थ घरी आले. तुमचं नाव, आमचे पैसे, तुम्ही काहीच करायचं नाही, महिन्याला ठरावीक रक्कम घरपोच. आत्याचे डोळे चमकले, त्यात तिचा दोष नाही. मी एवढंच विचारलं की पीएफ थकला तर नोटीस कुणाच्या नावाने येईल? संस्थेने फर्म काळ्या यादीत टाकली तर पॅन कुणाचा? गृहस्थ चहा न घेता उठले. अमेरिकेतही मालकीचे किमान ५१ टक्के आणि रोजचा कारभार त्या सैनिकाच्याच हातात असावा लागतो, ते याचसाठी. एक पाय देशाला देऊन झालेल्या माणसाने सही भाड्याने देऊ नये.

आधी काय, मग काय

आमची एक चूक तुम्ही करू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक आणि दिव्यांग हे दोन्ही विशेष प्रवर्गात आहेत. स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे, आणि अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के. सेवा उद्योगासाठी प्रकल्प २० लाखांपर्यंत, उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत. पण हे फक्त नव्या उद्योगाला. आतेभावाने उत्साहात आधी धंदा सुरू केला, बिलं फाडली आणि मग माझ्याकडे कर्जाचं विचारलं. तोवर त्याचा उद्योग 'चालू' ठरला होता आणि अनुदान गेलं. मलाही हे वेळेवर सुचलं नाही, याची रुखरुख आजही आहे.

म्हणून आधी सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ओळखपत्र आणि पेन्शनचे कागद नीट करून घ्या. मग सरकारी इस्पितळातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. सैन्याच्या मेडिकल बोर्डाची टक्केवारी नागरी कामात आपोआप चालत नाही. दाखल्यावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे व्यवसायासाठी सवलतीच्या दराने दिल्या जाणाऱ्या जमिनीत ५ टक्के आरक्षण मागता येतं. त्यानंतर कर्जाचा अर्ज, तो मंजूर झाला की धंदा, आणि उद्यम व जेम नोंदणी शेवटी.

यंदा आतेभावाने त्याच संस्थेची निविदा पुन्हा भरली. कॉइलच्या चार धुलाया धरल्या, आणि चवथीच्या पाच दिवसांसाठी सावंतवाडीचा एक जुना ईएमईवाला दिवसाच्या बोलीवर ठरवून मगच दर टाकला. दर गेल्या वर्षीपेक्षा १८ टक्क्यांनी चढा गेला आहे. निविदा सोमवारी उघडेल.