प्रवेशासाठी व्हॉट्सॲप बॉट आणि इन्स्टाच्या जाहिराती: एका हंगामाचा अनुभव, आणि रविवारची अडचण

पालकांनी शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर विचारलेल्या प्रश्नाला सोमवारी ऑफिस उघडल्यावर आपल्या शब्दांत उत्तर पाठवता येत नाही. ही एकच गोष्ट बॉट आणि जाहिरातींचं पॅकेज विकणाऱ्या विक्रेत्याने डेमोच्या दिवशी सांगितली असती, तर कॉलेजचे बरेच पैसे आणि आमच्या प्रवेश समितीचा मनस्ताप वाचला असता. इतर कॉलेजांतले सहकारी 'घ्यावं का?' असं विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते. बॉट म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, लीड म्हणजे इच्छुकाचं नाव-नंबर, लीड फॉर्म म्हणजे ते जाहिरातीतच भरून घेणारा फॉर्म, आणि डॅशबोर्ड म्हणजे आलेले सगळे मेसेज एकत्र दिसतात ती स्क्रीन.

आमचं कॉलेज मध्य रेल्वेच्या उपनगरात. बी.ए., बी.कॉम. अनुदानित, बाकी दोन-तीन कोर्स विनाअनुदानित. बी.ए.च्या जागा भरल्या नाहीत की विषयाचा कार्यभार घटतो, आणि कार्यभार घटला की शिक्षकाचं पद अतिरिक्त ठरतं. त्यामुळे एकेका प्रवेशासाठी जीव टाकावा लागतो. दाराशी बॅनर आणि ज्युनिअर कॉलेजांना भेटी एवढ्यावर भागेना, म्हणून संस्थेने हे पॅकेज घेतलं.

सुरुवातच घाईत झाली. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजीच लागला. आदल्या वर्षी तो २१ मेला होता आणि विक्रेता त्याच हिशेबात निवांत बसला होता. निकालाच्या दिवशी आमची निम्मी टेम्प्लेट (व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घ्यायचे ठरावीक मजकुराचे मेसेज) मंजूर झालेली नव्हती. पहिले काही दिवस मी आणि एक सहकारी आमच्या स्वतःच्या फोनवरून मुलांना उत्तरं देत होतो. पुढे बॉट सुरू झाला आणि चालला, ते मान्य करते. फी किती, कागदपत्रं कोणती, विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी कुठे करायची, गुणवत्ता यादी कधी लागणार, एवढ्यासाठी त्याने ऑफिसच्या खिडकीवरची रांग खरोखर कमी केली. त्याबद्दल तक्रार नाही.

आता रविवारचं. व्हॉट्सॲपचा नियम असा की समोरच्याचा शेवटचा मेसेज आल्यापासून २४ तास तुम्ही हवं ते, हव्या त्या शब्दांत पाठवू शकता. २४ तास उलटले की फक्त आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेट जातं. पालकांनी पुन्हा काही लिहिलं तरच मार्ग मोकळा होतो. मुंबईतल्या घरांचं वेळापत्रक काय असतं? बदलापूरला राहणारे वडील आठवडाभर रात्री नऊला घरात पाऊल टाकतात. मुलीने कुठे फॉर्म भरायचा ही चर्चा शनिवारी रात्री किंवा रविवारी दुपारी होते आणि प्रश्नही तेव्हाच येतात. आमचं ऑफिस शनिवारी दुपारी बंद होतं. सोमवारी डॅशबोर्ड उघडला की खऱ्या, आतुर पालकांची अख्खी रांग कुलूप लागलेली दिसायची.

मग टेम्प्लेट पाठवायचं: 'आपल्या प्रश्नाबाबत माहिती हवी असल्यास हो असे लिहा.' ज्या माणसाने शनिवारी स्पष्ट प्रश्न विचारला होता, त्याला सोमवारी आपण उलट विचारायचं की तुम्हाला माहिती हवी आहे का. बरेच जण त्याला उत्तरच देत नाहीत. यादी लागल्यावर फी भरायला मोजकेच दिवस असतात, तोवर त्यांनी दुसरीकडे फी भरलेली असते. फोन करून पाहिले, पण अनोळखी नंबर हल्ली कोण उचलतं? शिवाय या टेम्प्लेटचे पैसे पडतात. विद्यार्थ्याने अजून फॉर्म भरलेला नसल्यामुळे ते मार्केटिंगमध्ये धरलं जातं आणि मार्केटिंगचा दर युटिलिटीपेक्षा, म्हणजे आधीच सुरू असलेल्या व्यवहाराची माहिती देणाऱ्या मेसेजपेक्षा, कितीतरी जास्त आहे. १ जुलै २०२५ पासून आकारणी संभाषणामागे न होता प्रत्येक टेम्प्लेट मेसेजमागे होते, आणि त्यावर विक्रेत्याची स्वतःची वाढ वेगळी. म्हणजे वेळेवर फुकट देता आलं असतं ते उत्तर आपण पैसे मोजून उशिरा देतो, तेही अर्धवट. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजात हा खर्च मला अजिबात पटत नाही. तोच पैसा वाचनालयाच्या क्रमिक पुस्तकांना गेला असता.

विक्रेत्याच्या मासिक अहवालात मात्र 'सरासरी प्रतिसाद: २ सेकंद' असं ठळक छापलेलं. ते २ सेकंद बॉटचे. 'आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील' हे वाक्यही त्यांनी प्रतिसादात मोजलेलं. मी लेखी मागणी केली की माणसाने दिलेल्या पहिल्या उत्तराला किती वेळ लागला तो आकडा द्या. तो आजतागायत मिळालेला नाही.

जूनमध्ये माझं मत थोडं बदललं. तोवर मी त्या २४ तासांच्या नियमावरच चिडलेली होते. मग बारावी झालेल्या भाचीचा फोन पाहिला. क्लास, खासगी विद्यापीठं, परदेशी शिक्षणाचे सल्लागार, एकामागोमाग एक मेसेज. तिने त्यांपैकी कोणालाही काही विचारलेलं नव्हतं. ज्याने विचारलं त्यालाच मोकळेपणी लिहा आणि वेळेत लिहा, हे बंधन नसतं तर त्या पोरांचा फोन वापरण्याजोगा राहिला नसता. नियम योग्यच आहे. चूक ही सेवा 'अहोरात्र' म्हणून विकणाऱ्याची, आणि रविवारी उत्तर द्यायला कोण बसणार हे न ठरवता सही करणाऱ्या व्यवस्थेची.

जे प्रश्न बॉटला पेलत नव्हते ते सांगते, म्हणजे माणूस का लागतो ते कळेल. 'आता डिग्री चार वर्षांची झाली ना? चौथ्या वर्षाची फी कोण देणार?' हा सगळ्यात जास्त. नव्या धोरणात ३ वर्षांनी पदवी मिळते, चौथं वर्ष ऑनर्ससाठी आणि तेही ऐच्छिक. एवढं सांगितलं की पालकांच्या जिवात जीव येतो. बॉट त्यांना इंग्रजी पीडीएफ पाठवायचा. दुसरा प्रश्न, 'मुलींना फी माफ आहे ना?' ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत २०२४-२५ पासून आली, पण ती कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्यांसाठी. साध्या बी.ए.साठी कोणती शिष्यवृत्ती बसते ते जात, उत्पन्न, दाखले बघून सांगावं लागतं. तिसरा, 'बीएमएसला सीईटी आहे, मग तुमच्याकडे का नाही?' २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए या व्यवस्थापन आणि संगणकाच्या पदव्यांना सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) आली आणि ती टाळण्यासाठी मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी बीएमएसऐवजी बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज सुरू केलं. हे एका बटणात मावत नाही.

आणि इथेच या सगळ्यातली सर्वात चांगली गोष्ट सापडली, जी विक्रेत्याच्या माहितीपत्रकात कुठेच नव्हती: आवाजी मेसेज. पालकांना, विशेषतः आयांना, टाइप करायचा कंटाळा असतो किंवा संकोच. त्या बोलून पाठवतात. बॉट त्यावर 'कृपया पर्याय निवडा' म्हणायचा. मी एकदा एका आईचा मेसेज नीट ऐकला. मागे कुकरची शिट्टी, आणि त्या विचारत होत्या की मुलीला मानसशास्त्र घ्यायचंय, पुढे काय होतं, नोकरी लागते का. मी मराठीतच मिनिटभर बोलून पाठवलं: तीन वर्षं काय शिकवतात, पुढे एम.ए. केल्याशिवाय समुपदेशनाचं काम का मिळत नाही, आमच्याकडे मानसशास्त्राची प्रयोगशाळा आहे. दुसऱ्या दिवशी माय-लेकी कॉलेजात हजर. त्यानंतर मी शक्य तिथे बोलूनच उत्तर दिलं. जाहिरातीत लाखभर ओतून जो विश्वास बसत नाही, तो शिकवणाऱ्या बाईंचा आवाज ऐकून बसतो. आता पुन्हा तोच २४ तासांचा मुद्दा: टेम्प्लेटला चित्र, व्हिडिओ, कागद जोडता येतो, आवाज जोडता येत नाही. वेळ गेली की आपल्या हातातलं सगळ्यात चांगलं साधनही गेलं.

इन्स्टाचं थोडक्यात. रील्सला व्ह्यूज भरपूर आले, पण पाहणारी आमचीच चालू वर्षाची मुलं. लीड फॉर्ममध्ये नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरला जातो, त्यामुळे बंद पडलेले जुने नंबर खूप. पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायला लावणारा 'हायर इंटेंट' पर्याय आम्ही आग्रहाने सुरू करायला लावला, तेव्हा लीड कमी झाल्या आणि कामाच्या उरल्या. लीड डाउनलोड करायला ९० दिवसच असतात, हेही लक्षात ठेवा.

एका गोष्टीचा मात्र फार मोठा फरक पडला. १८ वर्षांखालच्यांना जाहिरात दाखवताना २०२३ पासून फक्त वय आणि ठिकाण एवढंच निवडता येतं, आवडीनिवडी नाहीत. म्हणजे ठिकाण हेच हातातलं हत्यार. विक्रेत्याने कॉलेजभोवती एक मोठं वर्तुळ आखलं आणि मोकळा झाला. त्या वर्तुळात खाडीपलीकडचं ऐरोली, कोपरखैरणे येतं. तिथून आमच्याकडे यायचं म्हणजे ठाण्याला उतरून गाडी बदला. दिवा, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर वर्तुळाबाहेर, आणि आमची निम्मी मुलं तिथूनच सरळ गाडीने येतात. मुंबईत मूल कॉलेज निवडतं ते रेल्वेच्या लाइनवर. आम्ही एकेका स्टेशनभोवती लहान लहान वर्तुळं टाकायला लावली, वर घाटकोपर मेट्रोमुळे असल्फा आणि साकीनाका घेतलं. त्या आठवड्यापासून चौकश्यांचा दर्जाच बदलला. बदलापूरचे पालक 'थांबा कुठल्या गाड्यांना आहे' असं विचारू लागले, म्हणजे ते मनाने यायला लागले होते. हे विक्रेत्याला सुचायला हवं होतं, तो मुंबईतलाच आहे.

एक प्रकार अत्यंत खटकला. जुलैत जागा रिकाम्या दिसल्यावर विक्रेत्याने 'तुमच्या भागातल्या बारावीच्या मुलांची तयार यादी' विकत देऊ केली. आम्ही साफ नाही म्हटलं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे, पण १८ वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार, हे स्पष्ट आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कोणाच्या तरी मुलीचा नंबर विकत घेऊन तिला शिक्षणाच्या दारात बोलवायचं, हे मला मान्य नाही.

यंदासाठी मी समितीत मांडलेलं असं: बॉट ठेवायचा, पण मार्च ते ऑगस्ट एवढ्याच महिन्यांसाठी. लीड फॉर्मचं पॅकेज बंद. जाहिरात द्यायची ती थेट व्हॉट्सॲप उघडणारी, कारण तिथून आलेल्यांना २४ तासांत उत्तर दिलं तर पुढचे ७२ तास मेसेजचा खर्च लागत नाही. शनिवार-रविवार दोन शिक्षक आळीपाळीने, घरून, दोन-दोन तास, बदली रजेसकट आणि लेखी आदेशाने. प्राचार्यांनी हे तत्त्वतः मान्य केलंय.

तुम्ही घेणार असाल तर करार करताना बॉटचा व्हॉट्सॲप नंबर कॉलेजच्याच बिझनेस खात्यावर नोंदवून घ्या, विक्रेत्याच्या खात्यावर नको. बॅनरवर, माहितीपत्रकावर, गेल्या वर्षीच्या पालकांच्या फोनमध्ये तोच नंबर असतो, आणि विक्रेता बदलायची वेळ आली की तो सोडवून घेताना नाकी नऊ येतात.