जँगोचे फॉर्म, आठ महिने वापरल्यावर

कर्नाटकात निपाणीकडच्या एका पतसंस्थेला ऊसकर्जाच्या अर्जाचं सॉफ्टवेअर करून दिलं, त्याला आठ महिने झाले. ते जँगोत, म्हणजे वेबसाइट बनवायच्या पायथॉनमधल्या चौकटीत लिहिलंय. सुरुवातीला सगळं जँगोच्या मॉडेलफॉर्मवरच टाकलं होतं. मॉडेल (डेटाबेसातल्या तक्त्याचं वर्णन) लिहिलं की फॉर्म आयता तयार, सेव्ह म्हटलं की थेट डेटाबेसात. काम झटक्यात उरकलं.

घोळ झाला जमिनीच्या रकान्यात. इकडचा उतारा एकर-गुंठ्यात. पण महाराष्ट्रात कागलकडे जमीन असलेला सभासद सातबारा घेऊन येतो, तो हेक्टर-आरमध्ये. एकराचे गुंठे ४०, हेक्टरचे आर १००. आकडा त्याच्या आत आहे ना, ही तपासणी मी फॉर्मच्या क्लीन मेथडमध्ये (भरलेलं तपासणाऱ्या फंक्शनात) घातली आणि निर्धास्त झालो. मग जुने सभासद एक्सेलमधून भरायची वेळ आली. ती स्क्रिप्ट फॉर्मच्या वाटेला जातेय कशाला! आणि नुसत्या सेव्हवर जँगो मॉडेलचं फुल क्लीनही (मॉडेलची स्वतःची तपासणी) चालवत नाही. दोन दिवसांनी कौंटरवरच्या अक्कांचा फोन, "दादा, दोन एकर सत्तेचाळीस गुंठे? असं कुठं असतंय होय?" तो आकडा २ हेक्टर ४७ आरचा होता. सहा एकरवाला माणूस तीन एकरावर आला होता, कर्जाची मर्यादा निम्म्यावर.

आता 'क्षेत्र' नावाचा छोटा क्लास वेगळा आहे, जँगोचं एकही इम्पोर्ट नसलेला. ४० आणि १०० तिथंच राहतात, एक्सेलची स्क्रिप्टही तिथूनच जाते. फॉर्म व्ह्यूच्या (पानाची विनंती हाताळणाऱ्या कोडच्या) शेजारी, उंबऱ्यावर. टाइप केलेलं वाचायचं, चुकलं तर भरलेलं न पुसता मराठीत किंवा कानडीत सांगायचं, बरोबर असेल तर क्षेत्र बनवून सर्व्हिसकडे, म्हणजे अर्जाचे नियम लावणाऱ्या कोडकडे द्यायचं. सर्व्हिसला फॉर्म दिसतसुद्धा नाही. (पायथॉनचा इंट देवनागरी आणि कानडी आकडे मुकाट्यानं घेतो, हे यात कळलं.)

फुकट काही नाही. तेच रकाने दोनदा लिहावे लागतात. सर्व्हिसनं अर्ज नाकारला की ती चूक फॉर्मच्या ॲड एरर या मेथडनं योग्य रकान्याखाली परत आणायची, हे काम कंटाळवाणं आहे. म्हणून गावांच्या यादीसारख्या साध्या पानांना मॉडेलफॉर्मच ठेवलाय. तिथं नियमच नाहीत तर थर कशाला चढवायचे?

अक्कांची मागणी अजून बाकी आहे: दोन रकाने नकोत, एकाच ठिकाणी '२-१०' (दोन एकर दहा गुंठे) असं टाइप करायचंय. ते आता फक्त फॉर्ममध्ये बदलायचंय, पुढच्या शनिवारी बसतो.